खोर फक्कानची हजेरी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त एवढंच सांगते की मी त्या गाडीत होते. जे ऐकलं ते माझ्या या कानांनी ऐकलं. आणि मी एकटीनेच नाही, गाडीतल्या पाच मोठ्या माणसांनी ऐकलं.

दिवस होता शुक्रवार, ८ जानेवारी १९९९. रोज्यांचे दिवस.

जागा खोर फक्कान, अमिरातीच्या पूर्वेला. समुद्रकिनारा.

वेळ रात्रीची नव्हती. सूर्यास्ताची, मगरिबची अजान व्हायला दहा-पंधरा मिनिटं बाकी होती. चांगला उजेड होता.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

माझं नाव गिरिजा तिरोडकर. आम्ही शारजात अल मजाजला राहतो, लगूनच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये, सातव्या मजल्यावर. हे घर माझ्या सासऱ्यांनी उभं केलं. प्रोफेसर आत्माराम तिरोडकर. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो.

अप्पा मूळचे वेंगुर्ल्याकडचे. १९७८ साली इथल्या एका कॉलेजात गणित शिकवायला आले. उंच, मानेत किंचित वाकलेले, कायम पांढरा हाफ शर्ट. खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. आवाज खोल, घशातून खरखरत येणारा. वर्गात पॅलेस्टिनी, सुदानी, मल्याळी, पंजाबी, सगळी मुलं. अप्पांना प्रत्येकाचं पूर्ण नाव पाठ. हजेरीचं रजिस्टर त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही म्हणे.

मी लग्न होऊन आले १९९० साली. इथे माझं ओळखीचं कुणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात अप्पांनी मला ड्रायव्हिंग क्लासला घातलं.

"इथे गाडी चालवता येत नसली की बाईमाणूस घरात कोंडून राहतं, गिरिजा. लायसन काढायचं."

मी तीनदा नापास झाले. तिन्ही वेळा रडत घरी आले. तिन्ही वेळा अप्पांनी चष्म्यावरून बघत एकच विचारलं, "पुढची तारीख कधीची?"

असा माणूस होता.

शुक्रवारी सकाळी ते अजमानच्या एका लेबर कॅम्पमध्ये जायचे. कोकणातून आलेल्या गवंड्यांना, सुतारांना लिहा-वाचायला शिकवायचे. अप्पा गेले तेव्हा ही माणसं बस करून आली. घरात मावेनात म्हणून जिन्यात उभी राहिली. सातव्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत. भिकाजी नावाचा एक गवंडी माझ्या सासूबाईंच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "वयनी, माका सरांनी सही शिकवली. आधी आंगठो होतो."



त्याच दिवशी अप्पांचा एक जुना विद्यार्थी भेटला, राजन. त्याने एक गोष्ट सांगितली. १९८२ साली कॉलेजच्या सहलीत तो धैदच्या पेट्रोल पंपावर मागे राहिला. बस निघून गेली. एप्रिलचं ऊन. दोन तास. शेवटी टॅक्सी घेऊन अप्पा त्याला शोधत आले.

"सर तो उस बस में थे भी नहीं," राजन म्हणाला. "दूसरी बस में थे. फिर भी मुझसे माफ़ी माँगी. मैं अठारह साल का था... सर ने हाथ जोड़े."

तेव्हा मला कळलं की आमच्या घरातली ती सवय कुठून आली.

हजेरीची सवय.

कुठलीही गाडी सुटण्याआधी अप्पा हजेरी घ्यायचे. बाजारात जायचं असलं तरी. प्रत्येकाला नंबर होता. सासूबाई एक. माझा नवरा धनंजय दोन. मी तीन. धाकटा दीर प्रसन्न चार. जाऊबाई प्रज्ञा पाच. माझी मुलगी शर्वाणी सहा.

आम्ही सगळे "हजर" म्हणायचो.

शर्वाणी नाही. तिची शाळा इंग्लिश, उत्तरंही इंग्लिश. ती मागच्या सीटवरून दोन्ही हात वर करून ओरडायची, "प्रेझेंट, सर!"

मग अप्पा म्हणायचे, "नंबर सात..."

जरा थांबायचे. आणि स्वतःच हळूच म्हणायचे, "हजर."

मग गाडी सुटायची.

अप्पा जानेवारी १९९८ मध्ये गेले. दुपारी, डायनिंग टेबलावर पेपर तपासता तपासता. मी चहा घेऊन आले तर मान खाली, हातात लाल पेन. मला वाटलं, बेरीज करताहेत.

त्यानंतर वर्षभर आमच्या गाडीत हजेरी झाली नाही. कुणाचं मनच झालं नाही.

वर्ष झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मला खोर फक्कानला घेऊन चला. त्यांचा समुद्र एकदा बघायचाय."

अप्पांना तो समुद्र फार आवडायचा. दर हिवाळ्यात आम्ही जायचोच. शारजाचा समुद्र त्यांना समुद्र वाटायचा नाही. खोर फक्कानला उभे राहून ते हाताने दाखवायचे, "इथून सरळ गेलं की आपलं वेंगुर्लं." भूगोलाच्या दृष्टीने ते कितपत बरोबर होतं, देव जाणे. पण गणिताचा प्रोफेसर एवढीच एक गोष्ट मोजल्याशिवाय बोलायचा.

तर त्या शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. अप्पांचीच जुनी व्हॅन. तीन रांगांची. धनंजय चालवायला, शेजारी सासूबाई. मधल्या सीटवर मी, प्रज्ञा आणि प्रसन्न. आणि सगळ्यात मागच्या सीटवर एकटी शर्वाणी. ती सीट तिची आणि अप्पांची होती. ती दुसरीकडे बसायला तयारच होईना.

धनंजयने चावी फिरवली. मग थांबला.

"घेऊ या का हजेरी?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी मान हलवली.

"एक."

"हजर."

"दोन मी. तीन?"

"हजर," मी म्हणाले.

"चार?" "हजर." "पाच?" "हजर." "सहा?"

"प्रेझेंट, सर!"

आणि धनंजयच्या तोंडून सवयीने निघून गेलं...

"सात."

एसीचा आवाज तेवढा येत होता.

मग मागे शर्वाणी हसली. एकदाच. गुदगुल्या झाल्यावर हसते तशी.

"काय गं?" मी विचारलं.

"नथिंग, ममा."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला, यल्ला. ऊन कलायच्या आत पोचू."

वाटेत मसाफीला थांबलो. मी मागे वळून बघितलं, तर शर्वाणी अगदी खिडकीला चिकटून बसली होती. बाकी सगळी सीट रिकामी.

"शर्वाणी, नीट मध्ये बस ना बाळा. पाय पसर."

"आय कान्ट. देअर्स नो प्लेस."

मी हसले. लहान मुलं म्हणतात असं काहीतरी. आजोबांची आठवण येत असेल, असं वाटलं. प्रज्ञाने माझा हात दाबला. तिच्या डोळ्यांतही पाणी होतं.

आम्ही कुणीच घाबरलो नव्हतो, हे मला सांगायचंय. उलट बरं वाटलं होतं.

खोर फक्कानला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. किनाऱ्यावर थोडी माणसं होती. रोजे असल्यामुळे हॉटेलं बंद, बाहेर काही खायचं नाही. आम्ही डबे गाडीतच ठेवले होते. सासूबाईंनी ओंजळभर शेवंती आणली होती, ती त्यांनी पाण्यात सोडली. प्रसन्न बाजूला जाऊन उभा राहिला. धाकटा असून अप्पांचा सगळ्यात लाडका तो.

शर्वाणी शंख गोळा करत होती. बूट-मोजे ओले करून आली म्हणून मी तिला रागावले. जरा जास्तच रागावले. ती फुरंगटून लांब जाऊन बसली.

मग आभाळ बदललं.

पश्चिमेला डोंगरावर काळा ढग चढला. वारा सुटला. वाळू तोंडावर उडायला लागली. रस्त्याच्या पलीकडे एक छोटी कॅफेटेरिया होती. तिचा मालक पठाण, जहूर नाव, हे आम्हाला नंतर कळलं. तो इफ्तारच्या तयारीत होता. शटर अर्धं वर करून त्याने हाक मारली.

"भाईसाहब! ऊपर पहाड़ में बारिश है. वादी में पानी आ गया तो रोड बंद हो जाएगा. बच्चे साथ हैं, निकल जाओ."

एकदम घाई झाली. चटई, थर्मास, चपला. वाऱ्याने चादर उडाली, तिच्यामागे प्रसन्न धावला. मला वाटलं शर्वाणी प्रसन्नबरोबर आहे. प्रसन्नला वाटलं ती माझ्याबरोबर आहे. सासूबाईंना गुडघ्यामुळे चढता येईना, मी आणि प्रज्ञा त्यांना धरून चढवत होतो. व्हॅनचं सरकतं दार वाऱ्याने दोनदा आपटलं.

उडणाऱ्या वाळूत किनारा रिकामाच दिसत होता. सगळे रोजा सोडायला घरी पळाले होते.

आम्ही आत बसलो. माझ्या मांडीवर थर्मास, पिशव्या, ओला टॉवेल. काचांवर वाळू. बाहेर उजेड होता, पण आत अंधारलं होतं.

धनंजय थांबला. घाईतही थांबला. अप्पांचाच मुलगा.

"एक?" "हजर." "तीन?" "हजर." "चार?" "हजर." "पाच?" "हजर."

"सहा?"

उत्तर नाही.

बाहेर वारा शीळ घालत होता.

"सहा...? शर्वाणी?"

आणि मागच्या सीटवरून आवाज आला...

"हजर."

बारीक आवाज. जरा बसलेला. मला वाटलं, रुसली आहे. किंवा वाऱ्यात राहून घसा धरला असेल.

"यल्ला," धनंजय म्हणाला, आणि गाडी काढली.

मी मागे वळून पाहिलं नाही.

हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. मी मागे वळून पाहिलं नाही. मांडीवर पिशव्या होत्या, आणि हजेरी झाली होती. अप्पांची हजेरी कधी चुकली नव्हती.

आम्ही फुजैराच्या वाटेला लागलो. रेडिओवर अजान झाली. पावसाचे मोठे थेंब काचेवर पडायला लागले. बाहेर अंधार झाला होता. प्रज्ञाने डबा उघडला आणि चपातीची गुंडाळी मागे धरली.

"शर्वाणी, घे गं."

कुणी घेतली नाही.

"झोपली वाटतं, वहिनी."

"झोपू दे," मी म्हणाले.

 वायपरचा आवाज. मला कसलीतरी अस्वस्थता वाटत होती. काहीतरी चुकल्यासारखं. गॅस चालू राहिलाय का, दाराला कुलूप लावलंय का, असं वाटतं ना, तसं. मी मनातल्या मनात मागे मागे जात राहिले. चटई घेतली. थर्मास घेतला. सासूबाई बसल्या. हजेरी झाली. एक हजर. तीन हजर. चार, पाच. सहा... हजर.

हजर.



शर्वाणी "हजर" म्हणत नाही.

आयुष्यात कधी म्हणाली नव्हती.

"अहो," मी म्हणाले. "अहो... लाइट लावा. आतला लाइट लावा."

"काय झालं?"

"लाइट लावा!"

लाइट लागला. मी वळले.

मागची सीट रिकामी होती.

शर्वाणी नव्हती. तिचे ओले बूट नव्हते. शंखांची पिशवी नव्हती.

पण सीटचा पट्टा लावलेला होता. खिडकीजवळचा नाही. त्याच्या बाजूचा. नीट, खटका बसवून... आणि सैल पडलेला नव्हता. ताठ होता. कुणीतरी आत बसलेलं असावं तसा ताठ.

मी पाहत असतानाच तो हळूहळू सैल झाला.

मी किंचाळले की नाही, मला आठवत नाही. प्रज्ञा म्हणते की मी अजिबात ओरडले नाही. नुसती "सहा, सहा" म्हणत राहिले.

धनंजयने तिथल्या तिथे गाडी वळवली. त्याच्याकडे मोबाईल होता, पण डोंगरात नेटवर्क नाही. आणि असतं तरी फोन कुणाला करायचा? एका सखल जागी रस्त्यावरून पाणी वाहत होतं, लालसर, दगड घेऊन. पलीकडे दोन गाड्या थांबल्या होत्या, हॉर्न देऊन नको नको म्हणत होत्या. धनंजयने गाडी थांबवली नाही. पाणी दारापर्यंत आलं. सासूबाई हात जोडून पुटपुटत होत्या. देवाला नव्हे. त्या अप्पांना हाका मारत होत्या.

"अहो, पोरीला बघा हो. अहो, पोरीला बघा."

सबंध रस्ता एवढंच.

आम्ही तिला मागे टाकून सव्वा तास झाला होता. सहा वर्षांची मुलगी. समुद्र. अंधार.

खोर फक्कानला पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. फक्त त्या कॅफेटेरियाचा दिवा.

आणि दिव्याखाली, पेप्सीच्या उलट्या क्रेटवर शर्वाणी बसली होती. अंगावर जहूरची गरम शाल. हातात दुधाचा ग्लास.

मी तिला उचललं तेव्हा तिने विचारलं, "वेअर डिड यू गो?"

मी तिला घेऊन तिथेच फरशीवर बसले.

जहूर आमच्यावर चिडला होता. साहजिक होतं. "बच्ची को छोड़के जाते हैं? ऐसे कैसे माँ-बाप हो?" मग सासूबाईंची अवस्था बघून जरा नरमला. "अल्लाह का शुक्र करो, अम्मा. अकेली नहीं थी. बड़े मियाँ साथ थे."

"कोण?" धनंजयने विचारलं. "कौन बड़े मियाँ?"

"आपके वालिद होंगे. अज़ान के टाइम मैंने देखा, पानी के पास दोनों खड़े थे. सोचा, दादा-पोती हैं. रोज़ा खोलके बाहर आया तो बच्ची अकेली आ रही थी. बुज़ुर्ग नहीं थे. कहाँ हैं वो?"



"कैसे दिखते थे?" प्रसन्नने विचारलं.

"लंबे. थोड़ा झुके हुए. सफ़ेद आधी बाज़ू की क़मीज़. ठंड में मुझे अजीब लगा." मग जहूर म्हणाला, "चेहरा नहीं देखा. पीठ मेरी तरफ़ थी."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या रडायला लागल्या. आनंदाने रडत होत्या. "आले ते. मी हाका मारल्या ना, आले ते."

प्रसन्नही रडला. धनंजय समुद्राकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने वाकून वाळूला नमस्कार केला.

त्या क्षणी माझाही तसाच विश्वास बसला. आमच्या अप्पांनी माझ्या मुलीला सांभाळलं. जन्मभर हजेरी घेतली, मेल्यावरही घेतली. घरी जाताना आम्ही सगळे हलके झालो होतो. रस्ता पोलिसांनी अडवला होता म्हणून दिब्ब्याकडून वळसा घालून आलो. शर्वाणी माझ्या मांडीवर झोपली होती. मागच्या सीटवर कुणी बसलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी तिला शाळेत पाठवलं नाही. सकाळी उन्हात, बाल्कनीत बसून तिचे केस विंचरत होते. केसांत अजून वाळू होती.

"काल आजोबा भेटले ना तुला?" मी विचारलं.

ती बाल्कनीतून खाली बघत होती.

"शर्वाणी?"

"दॅट वॉज नॉट आजोबा."

माझा हात थांबला.

"मग कोण होतं?"

"डोन्ट नो. ही सेड, आय अ‍ॅम आजोबा. बट ही वॉज नॉट."

"तुला कसं कळलं?"

तिने खांदे उडवले. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

"ही आस्क्ड मी, व्हॉट इज युअर नंबर."

मी वाकून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"आजोबा नोज माय नंबर," ती म्हणाली. "ही नेव्हर आस्क्स."

खाली लगूनभोवती गाड्या नेहमीसारख्या धावत होत्या. मी फणी घट्ट धरून बसले होते. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"चेहरा कसा होता त्याचा?"

"ही डिडन्ट टर्न. ही वॉज टॉकिंग टु द सी."

"तू सांगितलास नंबर?"

"नो."

"मग तो काय म्हणाला?"

"कम, देअर आर बिग शेल्स इनसाइड." तिने बोटाने पुढे दाखवलं. पाण्यात आत, अशा अर्थाने.

"आणि तू?"

"आय डिडन्ट गो." तिने जांभई दिली. "ममा, यू आर पुलिंग माय हेअर."

मी हे धनंजयला सांगितलं. तो म्हणाला, "लहान आहे ती. घाबरली होती. काहीही सांगेल." आणि लगेच म्हणाला, "आईला सांगू नकोस."

मग मी एकेकाला वेगवेगळं विचारलं. गाडीत "हजर" कुणाच्या आवाजात ऐकलंत? धनंजय म्हणाला, शर्वाणीच्या. त्याला तेव्हा शंकाच आली नव्हती. प्रज्ञा म्हणाली, मुलीचा आवाज होता पण शर्वाणीचा वाटला नाही. प्रसन्न म्हणाला, "वहिनी, मला नको विचारू." अजूनपर्यंत त्याने सांगितलेलं नाही. सासूबाई तर ठामच होत्या. "त्यांचाच आवाज. छत्तीस वर्षं ऐकला मी तो."

पाच माणसं. एक शब्द. प्रत्येकाच्या कानात वेगळा.

आता तुम्हीच विचार करा.

त्या संध्याकाळी "सहा" म्हटल्यावर कुणी उत्तर दिलं नसतं, तर आम्ही तिथेच मागे वळून पाहिलं असतं. शर्वाणी पन्नास पावलांवर होती. दोन मिनिटांत सापडली असती. त्या "हजर"मुळे आम्ही निघालो. त्या "हजर"मुळे माझी मुलगी समुद्रापाशी एकटी राहिली... त्याच्यासोबत.

मग गाडीत कोण बसलं होतं?

किनाऱ्यावर होता तो अप्पा नव्हता, हे माझी मुलगी सांगते. मग गाडीत अप्पा होते का? अप्पा असतील, तर त्यांनी आम्हाला जाऊ कसं दिलं? ज्या माणसाने आपली चूक नसताना अठरा वर्षांच्या पोरापुढे हात जोडले, तो माणूस?

का त्यांनी मुद्दामच तसं म्हटलं? मला कळावं म्हणून? "प्रेझेंट" नाही, "हजर". मी लक्ष देऊन ऐकलं असतं तर मला तिथेच कळलं असतं. कधी कधी मी स्वतःला असंच समजावते. अप्पांनी सांगितलं, मीच ऐकलं नाही. मग माझी मलाच शरम वाटते, पण निदान अप्पा माझे अप्पा राहतात.

आणि कधी कधी तेही समजावता येत नाही. मग दुपारी निघताना शर्वाणी मागच्या सीटवर कुणाबरोबर हसली, याचा विचार डोक्यात येतो.

हॉलमध्ये अप्पांचा फोटो आहे. मी रोज हार घालते, उदबत्ती लावते. पण पूर्वी मी त्या फोटोशी बोलायचे. लायसनची आठवण काढून हसायचे. आता खाली बघून उदबत्ती लावते आणि निघून येते. ज्याने मला या परक्या देशात पायावर उभं केलं, त्या माणसाच्या डोळ्यांना मी डोळा देत नाही. त्या संध्याकाळने माझं हे सगळ्यात मोठं नुकसान केलं.

सासूबाई २००२ साली गेल्या. शेवटपर्यंत प्रत्येकाला सांगायच्या, "आमच्या ह्यांनी नातीला वाचवलं." मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवात, फोनवर. आणि माझ्याकडे वळून म्हणायच्या, "हो की नाही गो गिरिजा?"

मी मान हलवायचे.

व्हॅन आम्ही विकली. खोर फक्कानला परत कधी गेलो नाही. शर्वाणी आता बारा वर्षांची आहे. त्या दिवसाबद्दल ती बोलत नाही. विचारलं तर म्हणते, आठवत नाही.

परवा ती शाळेतून एक फॉर्म घेऊन आली. सातवीची सहल. ईस्ट कोस्ट, खोर फक्कान बीच. पालकांची सही हवी.

मी म्हणाले, "या वर्षी नको. पुढच्या वर्षी दुसरीकडे जा."

ती कधी हट्ट करत नाही. त्या दिवशी केला. रडली. जेवली नाही. मी शेवटी वैतागून विचारलं, "तिथेच काय आहे एवढं? का जायचंय तुला?"

ती पाणी पीत होती. ग्लास खाली ठेवून सहज म्हणाली,

"बिकॉज आय सेड आय'ल कम. व्हेन आय अ‍ॅम बिगर."

"कुणाला म्हणालीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली. आठवायचा प्रयत्न करत होती.

"डोन्ट नो, ममा," ती म्हणाली. "आय जस्ट रिमेम्बर सेइंग इट."

फॉर्म फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे. द्यायची शेवटची तारीख शनिवार.

आज गुरुवार आहे. मी सही केलेली नाही.

आत्ता पाणी घ्यायला उठले, तर फॉर्म जागेवर होता. खालच्या ओळीवर, पालकांच्या सहीच्या जागी, काही नव्हतं.

मी तरीही तीनदा जाऊन बघून आलेय.